अबोला आणि मौन

वाशिंदला रात्री तीनला जाग आली की करण्यासारखे फारसे काही नसते. कसाऱ्याकडे जाणारी शेवटची लोकल केव्हाच गेलेली असते आणि पहाटेच्या गाडीला अवकाश असतो. मधल्या वेळात मालगाड्या जातात. त्यांचे डबे मोजायचे, हा आमचा सहा वर्षांचा उद्योग होता. डबे मोजता मोजता धाकट्या भावाशी आमचे भांडण चालू असे. म्हणजे तो तिकडे, चार दारे पलीकडे, बहुधा गाढ झोपलेला. आणि इकडे आम्ही अंथरुणात उठून बसून त्याला निरुत्तर करीत असू. त्या सहा वर्षांत आम्ही त्याला हजारदा तरी हरवले असेल. सकाळी डोके मात्र आमचेच दुखायचे.

भांडणाचे कारण जगावेगळे नाही. अब्बांची हायवेच्या अंगाला बावीस गुंठे जमीन. अब्बा होते तोवर तिला कोणी विचारीत नव्हते. पावसाळ्यात भात, नंतर गवत. पुढे मुंबई-नाशिक रस्ता रुंदावला, घर शोधणारी माणसे टिटवाळा, खडवली करीत वाशिंद-आसनगावपर्यंत येऊन पोचली आणि शहापूर तालुक्यातल्या साऱ्या सातबाऱ्यांना ताप चढला. २०१४ साली धाकट्याने रस्त्याकडचा आपला हिस्सा आम्हाला न विचारता एका बिल्डरला देऊन टाकला. आमच्या वाट्याला आतली बाजू आली. तिला वाट नाही. आजही नाही. शेतात जायचे तर दुसऱ्याच्या बांधावरून जावे लागते.

आम्ही कोर्टात गेलो नाही. फक्त बोलणे बंद केले. ते कोर्टापेक्षा स्वस्त पडेल असा हिशेब होता. एकच मशीद, एकच वजूचा हौद, एकच जमात. तो सफेच्या एका टोकाला, आम्ही दुसऱ्या टोकाला. ईदच्या दिवशी गळाभेटीची वेळ आली की दोघांपैकी एकाला हटकून चपला सापडत नसत.

मग रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि वर म्हणाले, “गुरुजी, राग कमी करा.” गोळी दुकानात मिळाली.

आम्ही जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत मास्तर होतो, २०१८ साली निवृत्त झालो. नोकरीच्या काळातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. २०१२च्या सुमारास राज्याच्या शिक्षण खात्याने शाळाशाळांतून ‘मित्र उपक्रम’ आणला. परिपाठाच्या वेळी दहा मिनिटे मुलांनी डोळे मिटून बसायचे आणि नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास नुसता पाहायचा. हेच आनापान. प्राणायामासारखा श्वास रोखायचा नाही, लांबवायचा नाही. तो आहे तसा जाणायचा. मुले बसत आणि त्या दहा मिनिटांत आम्ही हजेरीपट, पोषण आहाराची नोंदवही उरकून घेत असू. एकदा कातकरीवाडीतला तिसरीतला एक पोरगा डोळे उघडून म्हणाला, “गुरुजी, जाताना गार लागतो नि येताना गरम लागतो.” आम्ही म्हटले, “बरे, बरे, बस.” पन्नाशी उलटलेल्या आमच्या नाकाला ही गोष्ट ठाऊक नव्हती, हे त्या वेळी कबूल करण्याची आमची तयारी नव्हती.

शाळेतले एक सहकारी मात्र हे मनापासून करीत. सगळे त्यांना भाऊ म्हणत, आम्हीही भाऊच म्हणतो. ते बौद्धवाडीतले. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांचे शिबिर करून आलेले. निवृत्तीनंतर एका संध्याकाळी भातसाच्या काठाने फिरताना त्यांनी आमचे मालगाडीपुराण ऐकून घेतले आणि म्हणाले, “गुरुजी, एकदा जाऊन या.” आम्ही चेष्टेने विचारले, “म्हणजे आम्ही बौद्ध व्हायचे काय?” भाऊ हसले नाहीत. म्हणाले, “आमच्या वाडीतही हे सगळ्यांना पसंत नाही. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला धम्म दिला तो डोळे मिटून बसण्यासाठी दिला काय, जात का अशी मिटणार आहे, असे आमची तरुण मुले विचारतात. त्यांचे चूक नाही. पण लढणाऱ्या माणसालाही रात्री झोप लागायला हवी ना.”

ते वाक्य आमच्या डोक्यात राहिले. आम्ही थोडे वाचन केले. मास्तर माणूस, वाचल्याशिवाय कुठे जात नाही. विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोयंका १९२४ साली ब्रह्मदेशात, मंडाले येथे जन्मलेले. घराणे मारवाडी, सनातनी, व्यापार मोठा. अर्धशिशीचा त्रास एवढा की मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. कोणी तरी त्यांना रंगूनच्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे पाठवले. हे गृहस्थ भिक्षू नव्हते. सरकारी नोकरीत महालेखापाल होते. डोकेदुखीवर इलाज हवा असेल तर येऊ नका, असे त्यांनी गोयंकांना प्रथम बजावले होते. आणि आपला धर्म तर सुटणार नाही ना, या धास्तीने गोयंका कित्येक महिने चालढकल करीत राहिले. १९५५ साली बसले. १९६९ साली भारतात येऊन त्यांनी शिकवायला आरंभ केला आणि १९७६पासून इगतपुरीचे केंद्र उभे राहिले. २०१३ साली ते वारले. शिबिरात अजून त्यांच्या ध्वनिमुद्रित आवाजातच शिकवतात. धर्म सुटेल म्हणून घाबरलेला माणूस पाहून आम्हाला जरा आपलेपणा वाटला.

कारण आमचे घोडे तिथेच अडले होते. शिबिराचे नियम कडक. दहा दिवस आर्य मौन. बोलणे नाही, खुणा नाहीत, नजरेला नजर नाही. वही, पुस्तक, फोन काही नाही. ते सारे परवडले असते. पण त्या दहा दिवसांत कुठल्याही धर्माची पूजा, प्रार्थना, जप, माळ, उपवास काहीही करायचे नाही, असे लिहून द्यावे लागते. विधीची निंदा म्हणून नव्हे. एका पद्धतीची चव घेताना दुसरी मिसळू नये म्हणून. हिंदू असो, जैन असो, ख्रिस्ती असो, सर्वांना हाच नियम. कारण समजले, तरी दहा दिवसांच्या पाच वेळच्या नमाजा म्हणजे पन्नास. नात्यातल्या एका मौलवीसाहेबांना विचारले, तर त्यांनी सरळ ‘नाही’ म्हटले आणि ते त्यांच्या जागी बरोबर होते. खडवलीजवळ मातोश्री वृद्धाश्रमाच्या आवारात ‘धम्म सरिता’ हे ज्येष्ठांसाठीचे केंद्र आहे, वाशिंदहून एकच स्टेशन. तिथे चौकशी करावी तर आमची साठी चार महिने दूर. नाही तर निदान घर जवळ आहे, एवढे तरी समाधान राहिले असते.

अर्ज कपाटात पडून राहिला. एके रात्री आम्ही बेगमला म्हणालो, “पन्नास नमाजांचा सवाल आहे.” त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “अहो, भावाशी तीन दिवसांच्या वर अबोला धरू नये, ही हदीस तुम्हीच पोरांना शिकवलीत ना? सहा वर्षांचे दिवस किती होतात, गणिताचे मास्तर?”

दोन हजारांच्या वर होतात. हा हिशेब आम्ही कधी केला नव्हता. डब्यांचा तेवढा केला होता.

२०२०च्या जानेवारीत गेलो. लोकलने कसारा, तिथून वडापच्या जीपने घाट चढून इगतपुरी. खर्डी सोडल्यावर गार वारा लागला तेव्हा एकदा मनात आले की इथूनच परतावे. पन्नास नमाजा कजा पढून फेडायच्या, अशी नियत करून आत शिरलो. काही वाचकांना हे पटणार नाही, हे आम्ही जाणतो. आम्हालाही ते पुरते पटले आहे असे म्हणवत नाही. पण आत जाऊन चोरून सजदा करायचा, म्हणजे दिलेला शब्द मोडायचा, ते आम्हाला अधिक जड गेले असते.

पहाटे चारला घंटा होते. साडेचार ते रात्री नऊ, मधले जेवणाविश्रांतीचे वेळ सोडले तर बैठक. अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा आणि मूठभर कुरमुरे, की दिवस संपला. पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान. त्या कातकरी पोराला जे तिसरीत कळले ते आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी कळले. गार जातो, गरम येतो.

पहिल्याच पहाटे, अंधारात, आसनावर बसलेलो असताना खालच्या गावातून फजरची अजान आली. वाचकहो, ती दोन-तीन मिनिटे कशी काढली ते लिहिता येत नाही. आयुष्यभर त्या हाकेला पाय आपोआप उठले होते. अंगभर काटा आला, डोळ्यांत पाणी आले. उठलो नाही. ओठही हलवले नाहीत. आत काय झाले ते अल्लाहला माहीत. त्यावर कोणताही नियम लिहिता येत नाही.

चौथ्या दिवशी विपश्यना शिकवतात आणि मग दिवसातून तीनदा तासभर ‘अधिष्ठान’ असते. त्या तासात डोळे, हात, पाय काही हलवायचे नाही. डोक्यापासून पायापर्यंत मन फिरवायचे आणि जी संवेदना सापडेल, खाज, ऊब, ठणका, मुंग्या, ती नुसती पाहायची. हवीशीला धरायचे नाही, नकोशीला हाकलायचे नाही. आमचा डावा गुडघा नमाजेतही कुरकुरणारा. पाऊण तासाने तो असा पेटला की पाय तुटून पडेल असे वाटले. पण पाहत राहिलो तर ठणका एकसारखा नसतो, हे दिसले. चढतो, जागा बदलतो, विरतो, पुन्हा येतो. याला पाली भाषेत ‘अनिच्च’ म्हणतात, अनित्य.

पाचव्या की सहाव्या दिवशी धाकटा आला. म्हणजे मनात आला, नेहमीसारखा. तोच बिल्डर, तीच वाट, तेच आमचे बिनतोड मुद्दे. पण या वेळी डबे मोजायला नव्हते आणि बोलायला परवानगी नव्हती, तेव्हा आम्ही सांगितल्याप्रमाणे अंगाकडे पाहिले. कानाच्या पाळ्या गरम झालेल्या. जबडा आवळलेला. मानेची शीर ठकठक उडते आहे. छातीच्या मध्यावर तवा ठेवावा तशी धग. आम्ही आजवर समजत होतो की आमचा राग त्या बावीस गुंठ्यांत आहे. तो तर इथे, बनियनच्या आत होता. पाहता पाहता तो गुडघ्याच्या ठणक्यासारखाच चढला आणि उतरला. मग पुन्हा आला, अर्थातच. सहा वर्षांचा मुक्काम, एका बैठकीत कुठला जातो!

बुद्धाच्या उपदेशात एका बाणाचा दृष्टान्त आहे. माणसाला एक बाण लागतो, त्याची वेदना होते. ती ज्ञानी माणसालाही चुकत नाही. अजाण माणूस मात्र त्या वेदनेवर चडफडून लगेच दुसरा बाण स्वतःला मारून घेतो. पहिला बाण धाकट्याने मारला, हे आम्ही अजूनही म्हणतो. दुसरा रोज रात्री तीनला कोण मारीत होते, हा सवाल उरतो. वेदना आणि तिच्यातून उठणारी तृष्णा किंवा द्वेष, या दोहोंच्या मध्ये एक बारीक फट आहे आणि तिथे माणूस थांबू शकतो, एवढीच त्या सगळ्या खटाटोपाची किल्ली असावी असे आम्हाला वाटते. भाऊ म्हणतील, गुरुजींनी दहा दिवसांत धम्म संपवला. संपवला नाही, दारात उभे राहून आत डोकावलो.

आणि डोकावताना एक गंमत जाणवली. हे सारे आम्हाला वाटले तितके परके नव्हते. नक्षबंदी सिलसिल्यात ‘होश दर दम’ नावाचा कायदा आहे. तो अब्दुल खालिक गिजदुवानी यांच्या नावावर सांगितला जातो. प्रत्येक दमाबरोबर जागे राहायचे, एकही श्वास गफलतीत जाऊ द्यायचा नाही. फरक मोठा आहे. सूफी श्वासावर अल्लाहचे नाव बसवतो, विपश्यनेत श्वासावर काहीच बसवायचे नाही. पण दोघेही नाकाशीच पहाऱ्याला बसलेले. आमच्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी तर ‘योगसंग्राम’ नावाचा ग्रंथच मराठीत लिहून ठेवला आहे. अब्बासी काळात खुद्द बुद्धाची कथा ‘किताब बिलौहर व बूदासफ’ म्हणून अरबीत आली. बूदासफ म्हणजे बोधिसत्त्व. तिथून ती जॉर्जियन, ग्रीक करीत युरोपात गेली आणि चर्चने त्या राजपुत्राला संत जोसाफत करून टाकले. बिचारा बुद्ध, किती घरी पाहुणा गेला! आणि आमच्या मुलखात तर तो पाहुणाही नव्हे. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी उकरून काढला, भिवंडीजवळ लोनाडला लेणी आहेत, कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कोरलेली आहेत. वाशिंदहून घाटाकडे जाणारे भिक्षू भातसा ओलांडताना कुठे थांबत असतील, असा विचार आम्ही एका दुपारी करीत बसलो. तेव्हा करायचे होते श्वासाचे निरीक्षण. असो.

दहाव्या दिवशी मौन सुटते आणि मंगल मैत्री शिकवतात. सर्वांचे भले होवो, ही भावना मनातून सगळीकडे पसरवायची. बेगमसाठी आली, मुलांसाठी आली, त्या कातकरी पोरासाठी आली. धाकट्यासाठी आणून पाहिली, आली नाही. खोटे कशाला लिहा.

अकराव्या दिवशी संध्याकाळी वाशिंदला उतरलो तो मनाशी ठरवूनच, की आधी त्याच्या दारात जायचे. दारात दिवा होता. आतून टीव्हीचा आवाज येत होता. कान गरम झाले, जबडा आवळला. पाय वळले नाहीत. घरी आलो. बेगमने तोंड पाहिले आणि काही न विचारता पाणी दिले. पुढले दहा दिवस प्रत्येक नमाजेबरोबर एक कजा पढून पन्नास फेडल्या. मोहल्ल्यात कुजबूज झाली. एक-दोघांनी सलामाला जवाब देणे टाळले. तेव्हाही कान गरम झाले, पण पूर्वीपेक्षा लवकर निवले.

फेब्रुवारीतल्या एका जुम्म्याला आम्हाला उशीर झाला. मशीद भरलेली. मागच्या सफेत एकच जागा होती, तिथे घुसलो. नमाज संपताना मान उजवीकडे वळवून सलाम केला, मग डावीकडे. ‘अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाह.’ डावीकडे धाकटा होता. सहा वर्षे हे शब्द आम्ही त्या दिशेला म्हणत आलो होतो, मधली सारी माणसे वगळून तोही त्यात यायचाच. पण इतक्या जवळून त्याचा कान आम्ही पाहिला नव्हता. कानावरचे केस पांढरे झाले होते. तो उठताना जमिनीला हात टेकून उठला. अब्बा असेच उठायचे.

आम्ही म्हटले, “कसा आहेस?”

तो जरा थांबला. “बरा आहे, भाई. गुडघा तेवढा.”

“माझाही.”

एवढेच बोलणे झाले. पुढच्या जुम्म्याला आणखी दोन वाक्ये.

हे वाचून कोणी असे समजू नये की जमिनीचा प्रश्न सुटला. तो बिल्डरशी बोलतो म्हणाला, बोलला की नाही कळले नाही. वाट अजून बांधावरूनच आहे. आमची गोळी चालू आहे. रात्री तीनला जागही कधी कधी येते. मग आम्ही उठून बसतो, पण डबे मोजत नाही. दहा-पंधरा मिनिटे नाकाशी बसतो, मग वजू करून तहज्जुदच्या दोन रकात पढतो. आधी हे की आधी ते, यावर आमचे आणि भाऊंचे मतभेद आहेत.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, मशिदी बंद झाल्या. एप्रिलच्या शेवटी रमजान आला. चार दारे पलीकडून धाकटा पहिल्या रात्री आला आणि म्हणाला, “भाई, तरावीह एकट्याने होत नाही.” आमच्या गच्चीवर अंतर ठेवून दोघांची जमात झाली. लोकल बंद, हायवे बंद. वाशिंदला इतकी शांतता आम्ही जन्मात ऐकली नव्हती. फक्त मालगाड्या चालू होत्या. नमाज झाल्यावर पाण्याच्या टाकीला टेकून बसलो असता त्याने विचारले, “ते इगतपुरीला नेमके काय करतात?”

आम्ही म्हटले, “डोळे मिट. काही करू नकोस. श्वास आत जातो, बाहेर येतो, तेवढे बघ.”

त्याने डोळे मिटले. आम्हीही मिटले. दहा मिनिटांनी डोळे उघडून पाहिले, तर धाकटा तोंड उघडे टाकून घोरत होता. खालून मालगाडी गेली तरी हलला नाही. बेगम चहासाठी हाका मारीत होत्या. आम्ही जिन्यात जाऊन त्यांना हळू बोलायला सांगितले.